रस्त्यावर धंदा करायचाय? २०१४ चा पथविक्रेता कायदा कसा वापरायचा

रस्त्यावर बसून पोट भरणाऱ्याला दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. अतिक्रमणाच्या गाडीवरचा माणूस म्हणतो, “तुझं इथे बसणंच बेकायदेशीर आहे.” आणि शेजारचा जुना फेरीवाला धीर देतो, “घाबरू नको, कायदा आपल्या बाजूचा आहे, कोणी हात लावू शकत नाही.” दोघंही अर्धंच सांगतात. कायदा तुमच्या धंद्याला संरक्षण देतो, तुमच्या कोपऱ्याला नाही. आणि ते संरक्षणही ज्याच्या पिशवीत कागद आहेत त्यालाच वेळेवर मिळतं. नव्याने हातगाडी लावणारे, पथारी टाकणारे, डोक्यावर पाटी घेऊन फिरणारे, रस्त्याकडेला चपला शिवणारे किंवा चाव्या बनवणारे अशा सगळ्यांसाठी ही माहिती आहे.

हा हक्क आला कुठून

राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व. त्याच्या जोरावर थेट कोर्टात जाऊन “मला काम द्या” म्हणता येत नाही. रस्त्यावरच्या माणसाला खरा आधार मिळाला तो मुंबईतल्याच एका खटल्यातून. १९८१ साली मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या झोपड्या हटवायला सुरुवात झाली तेव्हा काही रहिवासी आणि पत्रकार ओल्गा टेलिस सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितलं की कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. मात्र त्याच निकालाने झोपड्या हटवायला मुभाही दिली, फक्त रीतसर. ही दुसरी बाजू लोक सोयीस्कर विसरतात.

पुढे १९८९ मध्ये सोदन सिंग खटल्यात घटनापीठानेच मान्य केलं की रस्त्यावर माल विकणं हा कलम १९(१)(छ) खालचा व्यवसायाचा हक्क आहे, पण त्यावर वाजवी बंधनं घालता येतात आणि कोणी ठरावीक जागेवर कायमचा हक्क सांगू शकत नाही. या सगळ्याचं फळ म्हणजे २०१४ चा पथविक्रेता (उपजीविका संरक्षण आणि पथविक्री विनियमन) अधिनियम. तो १ मे २०१४ पासून लागू आहे. नावातच उपजीविकेचं संरक्षण आणि विक्रीचं नियमन दोन्ही आहेत, तेव्हा पालिका फक्त दुसऱ्या शब्दावर बोट ठेवायला लागली तर तुम्ही पहिल्यावर ठेवा.

पायरी १: तुम्ही या कायद्यात बसता का

बहुतेक जण बसतात. रस्ता, फुटपाथ, गल्ली, बाग अशा ठिकाणी तात्पुरत्या मांडणीवर किंवा फिरत्या पद्धतीने वस्तू, खाद्यपदार्थ विकणारा किंवा सेवा देणारा तो पथविक्रेता. चांभार, चावीवाला, रस्त्यावरचा न्हावी हेही त्यात आले.

रेल्वेच्या हद्दीत मात्र हा कायदा लागू नाही. लोकलच्या डब्यात क्लिपा विकणारी बाई किंवा फलाटावर बसणारा फळवाला यांना तो उपयोगाचा नाही, तिथे रेल्वेचा वेगळा कायदा चालतो. स्टेशनबाहेर बसताना आपण पालिकेच्या रस्त्यावर आहोत की रेल्वेच्या जागेवर, हे आधी विचारून घ्या. दोन पावलांचा फरक असतो आणि तेवढ्यावरून केस फिरते.

पायरी २: पहिल्या दिवसापासून पुरावा जमवा

नवा माणूस सगळ्यात जास्त कमी पडतो तो इथेच. पालिकेचं सर्वेक्षण होतं तेव्हा किंवा पुढे वाद होतो तेव्हा “मी इथे धंदा करतो” हे नुसतं सांगून चालत नाही, दाखवावं लागतं. पालिकेने तुमच्या नावाने फाडलेली कोणतीही पावती जपून ठेवा, दंडाची असली तरी. दंड भरल्याची पावती लोक रागाने फाडून टाकतात. पण त्या तारखेला, त्या रस्त्यावर तुम्ही धंदा करत होता याचा याहून चांगला सरकारी पुरावा दुसरा नाही, आणि तो खुद्द पालिकेनेच लिहून दिलेला असतो. पावतीवर नाव, तारीख, रस्ता आहे का, हे तिथल्या तिथे बघा. नाव नसेल तर लिहून मागा.

फोटो काढताना नुसत्या मालाचा काढू नका. मागे एखादी न हलणारी गोष्ट यायला हवी: दुकानाची पाटी, बसथांबा, विजेच्या खांबावरचा नंबर. दर एक-दोन महिन्यांनी एक फोटो काढा. तो मोबाइलवर ठेवाच, शिवाय स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे मोबाइल गेला तरी फोटो आणि तारीख हाताशी राहील. घाऊक बाजारातली खरेदीची बिलंही ठेवा. कच्च्या चिठ्ठीवर नाव नसेल तर व्यापाऱ्याला नाव घालायला सांगा, बहुतेक जण घालतात.

आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक लागतंच. महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्रही मागतात. ते तहसील कार्यालयातून किंवा आपले सरकार केंद्रातून मिळतं. परराज्यातून किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्यांची गाडी या एका कागदावर अडते, म्हणून शाळेचा दाखला, जुनी वीजबिलं, भाडेकरार असं जे असेल ते आधीच गोळा करा.

पायरी ३: सर्वेक्षण

कायद्याप्रमाणे पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण दर पाच वर्षांनी किमान एकदा व्हायला हवं. सर्वेक्षणात सापडलेल्या सगळ्यांना विक्रीक्षेत्रात, म्हणजे पालिकेने धंद्यासाठी ठरवून दिलेल्या भागात, सामावून घ्यायचं असतं, मात्र त्या प्रभागाच्या, विभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांची मर्यादा आहे. अर्जदार जास्त आणि जागा कमी असेल तर चिठ्ठ्या टाकून क्षेत्र ठरतं आणि उरलेल्यांना जवळच्या क्षेत्रात जागा द्यायची असते. कागदावर हे सगळं छान आहे. प्रत्यक्षात सर्वेक्षण रखडतं, याद्या अडकतात आणि नगर पथविक्रेता समितीच्या (पालिकेचे अधिकारी आणि पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले सदस्य यांची समिती) निवडणुका कोर्टात जातात. मुंबईचा अनुभव याहून वेगळा नाही.

सर्वेक्षणवाले येतील त्या दिवशी तुम्ही स्वतः धंद्यावर हवेत. भावाला किंवा मुलाला बसवलं आणि नोंद त्याच्या नावावर गेली, मग पुढची तीन वर्षं नाव बदलायच्या अर्जात गेली, असं फार वेळा होतं. मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, आधारला जोडलेला. नोंदीचा क्रमांक मागून घ्या आणि फॉर्मचा फोटो काढा.

सर्वेक्षण होऊन गेल्यावर धंद्यात आलात तरी दार बंद नाही. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळातही नगर पथविक्रेता समितीकडे विक्री प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. क्षेत्रात जागा आहे का आणि पालिकेची योजना काय म्हणते, हे बघून समिती ठरवते. अर्ज दोन प्रतींत करा आणि एका प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

कलम ३ मध्ये असंही आहे की सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणत्याही पथविक्रेत्याला हटवता येणार नाही. फेरीवाल्यांच्या सभांमध्ये टाळ्या मिळवणारं हे कलम. पण कालपरवा येऊन बसलेल्याला ते आपोआप वाचवेल या भरवशावर राहू नका. कोर्टात पहिला प्रश्न येतो तो “किती वर्षांपासून, आणि पुरावा काय” हाच.

पायरी ४: प्रमाणपत्र हातात आल्यावर

प्रमाणपत्र देण्याआधी तुमच्याकडून हमीपत्र घेतात. धंदा मी स्वतः किंवा माझ्या कुटुंबातली व्यक्ती करेल, मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही आणि हे प्रमाणपत्र मी कोणाला भाड्याने किंवा कसंही देणार नाही, अशी ती हमी. शेवटचा मुद्दा नीट वाचा. एकाच्या नावचा परवाना, गाडी दुसऱ्याची, माल तिसऱ्याचा आणि उभा राहणारा चौथाच, ही पद्धत बाजारात सर्रास दिसते. नव्या माणसाला “रोजचे अमुक दे आणि माझ्या लायसनवर बस” असं कोणी सांगत असेल तर त्यात तुम्हाला कसलंही संरक्षण नाही. पकडलं तर त्याचं प्रमाणपत्र रद्द होतं, तुमचा माल जातो आणि जागेवर तुमचं नाव कुठेच नसतं.

प्रमाणपत्र एका जागी बसणाऱ्याचं, फिरत्याचं किंवा अन्य प्रकारचं असतं. हातात आलं की प्रकार, क्षेत्र, दिवस, वेळ आणि मुदत तपासा. फिरत्याचं प्रमाणपत्र घेऊन रोज एकाच झाडाखाली बसलात तर ती अटीचा भंगच. अट मोडली तर दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, प्रमाणपत्र तहकूब किंवा रद्दही होऊ शकतं. मात्र रद्द करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं आणि समितीच्या निर्णयावर पालिकेकडे अपील करता येतं.

घरच्यांना एक गोष्ट आजच सांगून ठेवा. प्रमाणपत्रधारक वारला किंवा कायमचा अपंग झाला तर मुदत संपेपर्यंत पती किंवा पत्नी किंवा अवलंबून असलेलं मूल तो धंदा चालवू शकतं. हे माहीत नसल्यामुळे नवरा गेल्यावर पंधरा दिवसांत जागा सोडून गावी गेलेल्या बायका आहेत.

क्षेत्रांबद्दल थोडं. पालिकेला फेरीवाला क्षेत्र, मर्यादित क्षेत्र आणि ना-फेरीवाला क्षेत्र अशी आखणी करावी लागते. जिथे आधीपासून बाजार भरतो, ते ठिकाण ना-फेरीवाला क्षेत्र जाहीर करता येत नाही, आणि पन्नास वर्षांहून जुना बाजार असेल तर त्याला वारसा बाजार म्हणून मान्यता द्यायची तरतूद आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्यानंतर स्टेशनांभोवतीच्या फेरीवाल्यांचा प्रश्न पेटला आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालयं, प्रार्थनास्थळांपासून १०० मीटरच्या आत बसण्यावरचं बंधन उचलून धरलं. जागा निवडताना हे अंतर मोजा. तिथे गिऱ्हाईक सगळ्यात जास्त असतं हे खरं, पण गाडीही तिथेच सगळ्यात आधी येते. आणि चालणाऱ्याला वाट हवी ही मागणीही रास्तच आहे. फुटपाथची अर्धी रुंदी मोकळी ठेवणाऱ्याबद्दल सहसा तक्रार होत नाही.

पायरी ५: अतिक्रमणाची गाडी आली तर

जागा बदलायला सांगायची किंवा हटवायचं, तर पालिकेने तीस दिवसांची नोटीस द्यायला हवी. त्या मुदतीनंतरही हटला नाहीत तर दिवसाला अडीचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सक्तीने हटवणं त्यानंतर, आणि माल जप्त करणं गरज पडली तरच. प्रत्यक्षात गाडी येते, दोघं उतरतात, काटा आणि छत्री आधी उचलतात. अशा वेळी ओढाओढी करू नका. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा नोंदला गेला की तुमचा मुद्दा बाजूला पडतो आणि वर्षानुवर्षं तारखा सुरू होतात.

त्या क्षणी तुमचा खरा हक्क आहे यादीचा. कलम १९ प्रमाणे जप्त केलेल्या मालाची यादी करून, जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्याने सही करून, तिची प्रत तुम्हाला द्यायची असते. बऱ्याचदा मिळते ती चिठ्ठी अशी: “भाजी – १ गोणी, इतर साहित्य.” एवढ्यावर सही करू नका. शांतपणे म्हणा, “साहेब, सविस्तर लिहा.” यादी अशी हवी: कोथिंबीर ४० जुड्या, मेथी २५ जुड्या, टोमॅटो दोन क्रेट, इलेक्ट्रॉनिक वजनकाटा एक, छत्री एक, प्लॅस्टिकची ताडपत्री एक. “इतर साहित्य” या दोन शब्दांत तुमचा चार हजारांचा काटा कायमचा गायब होतो. यादी दिलीच नाही तर गाडीचा नंबर, वेळ आणि उचललेला माल मोबाइलवर टिपा. आजूबाजूच्या दोघांना साक्षीला उभं करा, दोन्ही जण फेरीवालेच नसले तर उत्तम. समोरचा दुकानदार किंवा रोजचं गिऱ्हाईक चालेल.

पुढे घड्याळ चालतं. तुम्ही मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा माल कामकाजाच्या दोन दिवसांत परत द्यायचा असतो, ठरलेलं शुल्क भरून. घड्याळ सुरू होतं ते तुमच्या मागणीपासून, म्हणून मागणी लेखी आणि त्याच दिवशी करा. भाजीवाल्याने “उद्या सकाळी बघू” म्हटलं की संपलं. अर्ज लांबलचक नको:

“आज दि. … रोजी दुपारी … वाजता … रस्त्यावरून माझा खालील माल जप्त करण्यात आला आहे. जप्तीच्या यादीची प्रत सोबत जोडली आहे / यादी देण्यात आली नाही. यातील भाजी नाशवंत असून पथविक्रेता अधिनियम २०१४ च्या कलम १९ नुसार ती आजच परत मिळावी. नियमानुसार शुल्क भरण्यास मी तयार आहे.”

खाली नाव, प्रमाणपत्र किंवा सर्वेक्षण क्रमांक, मोबाइल नंबर. प्रभाग कार्यालयात आवक शिक्का घ्या. गोदामात माल सोडवायला गेलात तर यादीशी ताडून घ्या आणि जे कमी भरलं ते पावतीवरच लिहून घ्या. बाहेर पडल्यावर कोणी ऐकत नाही.

पायरी ६: हप्ता, दमदाटी आणि तक्रार

कलम २७ सांगतं की प्रमाणपत्राच्या अटी पाळणाऱ्या पथविक्रेत्याला कोणत्याही व्यक्तीने, पोलिसाने किंवा प्राधिकरणाने धंदा करण्यापासून रोखू नये. पावती न देता कोणी पैसे मागत असेल तर ती फी नाही. लाच मागणाऱ्या सरकारी माणसाविरुद्ध लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या टोल फ्री नंबरवर तक्रार करता येते. मात्र एकट्याने जाण्यापेक्षा रस्त्यावरच्या पाच-सहा जणांनी मिळून जावं, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. एकटा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच जागी बसायला कचरतो.

तंटे सोडवायला कायद्यात तक्रार निवारण समिती आहे. तिचे अध्यक्ष दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी म्हणून काम केलेले असावे लागतात. तुमच्या शहरात ती बसली आहे का, हे शोधायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज वापरा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत. विचारा, “तक्रार निवारण समिती कोणत्या तारखेला स्थापन झाली, सदस्य कोण, कार्यालयाचा पत्ता काय?” तीस दिवसांत उत्तर यायला हवं. “समिती अस्तित्वात नाही” असं उत्तर आलं तर ते फाइलला लावा, वकिलाच्या फार उपयोगी पडतं.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, इतरांना ठरावीक उत्पन्नाच्या आत असेल तर.

समितीचा विषय निघालाच आहे तर मतदानाचंही बघा. नगर पथविक्रेता समितीवर आयुक्त किंवा मुख्याधिकारी अध्यक्ष असतात, पण किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यातल्या एक तृतीयांश जागा महिलांच्या. कोणतं क्षेत्र कुठे असावं, या चर्चेत तुमच्या बाजूने बोलणारी हीच माणसं. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांनी हमाल आणि पथारीवाले संघटित केले, तेव्हा कुठे पालिकेच्या टेबलावर त्यांना खुर्ची मिळाली. संघटनेची वर्गणी भरताना तिचीही पावती घ्या, बाकी काही असो.

पायरी ७: कर्ज

पंतप्रधान स्वनिधी योजनेत पथविक्रेत्यांना तारणाशिवाय खेळतं भांडवल मिळतं. २०२० मध्ये पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं. २०२५ च्या बदलांनंतर पहिलं कर्ज १५,०००, ते फेडलं की २५,००० आणि मग ५०,००० रुपये. वेळेवर फेडणाऱ्याला सात टक्के व्याज अनुदान मिळतं. विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र नसेल तर पालिकेचं शिफारसपत्र चालतं, आणि ते मागताना पायरी २ मधला तोच गठ्ठा पुढे ठेवायचा. अर्ज स्वतः ऑनलाइन किंवा सेवा केंद्रातून करता येतो. “तुझं कर्ज पास करून देतो, आधी दोन हजार दे” म्हणणाऱ्याला काही देऊ नका. आणि परतफेडीचा हप्ता चुकवू नका, कारण दुसरं कर्ज मिळणं पहिल्याच्या परतफेडीवर ठरतं. सणाच्या महिन्यात माल भरायला २५,००० हातात हवे असतील तर पहिलं कर्ज त्याआधी फेडून झालेलं हवं.